डोंगरातल्या घरासाठी छपरावरचं पाणी: टाकी केवढी, ठेवायची कुठे आणि प्यायचं का

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: उतारावर घर, पत्र्याचं छप्पर साधारण ६० चौरस मीटर, घरात पाच माणसं, पावसाळ्यात धो धो पाऊस आणि नंतर चार-पाच महिने जवळचा झरा आटलेला. प्लंबर म्हणतोय हजार लिटरची टाकी बसवा, काम झालं. तुम्हाला विचारायचंय की एवढी पुरेल का, नसेल तर केवढी घ्यायची, उतारावर ती ठेवायची कुठे आणि ते पाणी प्यायलं तर चालतं का.

हजारची पुरणार नाही. पण त्याचं कारण छप्पर लहान आहे किंवा पाऊस कमी आहे हे नाही. डोंगरात छपरावरचं पाणी धरणं हा सगळ्यात सोपा भाग असतो, ते पुढचे पाच महिने सांभाळून ठेवणं आणि जे मावत नाही ते घराखालची माती न उकरता खाली जाऊ देणं, हे खरं काम. बहुतेक लोक पन्हळी आणि पाइपांवर भरपूर डोकं चालवतात आणि या दोन गोष्टींचा विचार टाकी दारात येऊन पडल्यावर करतात. चेरापुंजीला वर्षाला सरासरी ११,००० मिमीच्या वर पाऊस पडतो आणि तरी तिथे हिवाळ्यात पाण्याची टंचाई असते, यातच सगळं आलं.

आधी हिशेब करू, तो अगदी साधा आहे. १ मिमी पाऊस १ चौरस मीटरवर पडला की १ लिटर पाणी. त्यातलं थोडं उडतं, थोडं पत्र्यावरच वाळतं, थोडं पन्हळीबाहेर जातं, म्हणून पत्र्यासाठी ०.८ ने गुणायचं (कौलांना थोडं कमी धरा, गवताच्या छपराचा विचारच सोडा). म्हणजे तुमच्या छपरावर १ मिमीला ४८ लिटर. आता प्लंबरची हजार लिटरची टाकी बघा, ती २१ मिमी पावसात भरते. डोंगरातला एक चांगला तास, बास! त्यानंतर अख्खा पावसाळा ती फक्त वाहत राहणार. वर्षाला १,५०० मिमी पाऊस धरला तर छपरावरून ७२,००० लिटर येतात, त्यातले तुमच्या हातात राहिले हजार.

एक गोष्ट इथे बऱ्याच जणांची चुकते. छपराचं क्षेत्रफळ उतारावरून पत्रा मोजून काढायचं नाही, वरून सरळ खाली बघितल्यावर जेवढी जमीन झाकली जाते तेवढंच धरायचं. छप्पर जितकं उभट तितका हा फरक मोठा, आणि डोंगरात छपरं उभटच असतात. दुसरं म्हणजे पावसाचा आकडा. शेजारच्या खोऱ्यातल्या केंद्राचा आकडा तुमच्या घराला लागू पडेल असं अजिबात नाही, वाऱ्याच्या बाजूचा उतार आणि पलीकडची पावसाची सावली यात काही किलोमीटरवर निम्म्याचा फरक पडू शकतो. सरळ भिंतीचा कुठलाही डबा उघड्यावर ठेवा, रोज सकाळी पट्टीने मोजा आणि ओता, एका हंगामात तुमच्याकडे कुठल्याही तक्त्यापेक्षा कामाचा आकडा असेल.

आता टाकी. टाकी छपरावरून ठरत नाही, कोरड्या दिवसांवरून ठरते. प्यायला आणि स्वयंपाकाला माणशी रोज साडेसात लिटर धरा, पाच माणसांचे साडेसदतीस, १५० दिवसांचे साधारण ५,६०० लिटर. हे अगदी किमान झालं. त्यात हातपाय धुणं, भांडी, काटकसरीची अंघोळ घातली तर माणशी २० लिटर, म्हणजे रोज १०० आणि १५० दिवसांचे १५,०००. वर दहा-पंधरा टक्के सोडा, कारण तळातला गाळाचा थर काही वापरता येत नाही आणि पाऊस कधीच ठरल्या तारखेला येत नाही. म्हणजे १७,००० च्या आसपास. माणशी ५० लिटरवर गेलात तर हाच आकडा ४० हजारांच्या पुढे पळतो आणि तिथे मी थांबायला सांगेन, कारण तेवढी टाकी उतारावर बांधणं हा वेगळाच उद्योग आहे. कपडे, संडास, झाडं यांना झऱ्याचं जे काही येतं ते, किंवा धुण्याचं वापरलेलं पाणी.

कोरड्या महिन्यांतही डोंगरात एखाद-दुसरी सर येऊन जाते हे विसरू नका. २० मिमीची एक सर तुमच्या छपरावरून ९६० लिटर देते, रोज १०० च्या वापरात जवळजवळ दहा दिवस. पण ते कधी, तर पन्हळ जोडलेली आणि साफ असेल तर. पावसाळा संपला की पाइप काढून ठेवणारे लोक मी खूप पाहिलेत आणि मग मधेच सर आली की बादल्या घेऊन वळचणीखाली पळापळ. (बर्फ पडणाऱ्या भागाचं वेगळं, ते खाली सांगतो.)

१७,००० एकदम जमत नसेल तर दोन टप्प्यांत करा, खरं तर जमत असेल तरी दोन किंवा तीन टाक्याच करा. एक ८,००० ची, मग पुढच्या वर्षी दुसरी. एक धुवायला काढली तर दुसरी चालू राहते, एकीत उंदीर पडला तर सगळं पाणी जात नाही, आणि बरेचसे डोंगराळ प्रदेश भूकंपाच्या पट्ट्यातही असतात, एकच मोठी टाकी तडकली तर सगळं गेलं. त्याच कारणाने टाकी आणि पक्क्या पाइपाच्या मधे हातभर लवचिक नळी ठेवा. जमीन हलली की आधी जोड तुटतो, टाकी नाही.

आता जागा, आणि इथे जरा वेळ घालवा कारण हे चुकलं तर दुरुस्त होत नाही. १,००० लिटर म्हणजे एक टन. ८,००० ची गोल टाकी, समजा २.४ मीटर व्यास आणि १.८ मीटर पाण्याची उंची, म्हणजे आठ टन वजन चार-साडेचार चौरस मीटरवर, शिवाय टाकीचं स्वतःचं. उतारावरच्या घराचं अंगण बघा, ते बहुतेक वेळा अर्धं डोंगर कापून आणि अर्धं त्याच मातीची भर घालून सपाट केलेलं असतं. मागचा भाग, डोंगराकडचा, तो कापलेला, घट्ट. पुढचा, दरीकडचा, तो भराव. आणि लोक टाकी नेमकी भरावावर ठेवतात, कारण तिथे जागा मोकळी असते आणि मागे अंधार, ओल, अडचण. भराव दरवर्षी थोडा थोडा बसतो, टाकी कलते, आणि खालच्या दगडी बांधावर त्या वजनाचा रेटा येतो. बांधाला मधेच पोट आलेलं दिसलं की समजायचं. टाकी कापलेल्या बाजूला, पण अगदी कड्याच्या पायथ्याला चिकटून नाही, वरून दगड आला तर टाकीची वाट लागेल. कुठला भाग कापलेला आणि कुठला भरलेला हे माहीत नसेल तर पहारीने हातभर खणून बघा, भरावाची माती भुसभुशीत असते आणि त्यात विटांचे तुकडे, मुळं, कचरा मिसळलेला सापडतो.

त्याआधी उताराकडेच एकदा नीट बघा. जमिनीत धनुष्याच्या आकाराच्या भेगा, बुंध्याशी वाकलेली झाडं, जिथे पूर्वी नव्हतं तिथे अचानक पाझर, दारं-खिडक्या घासायला लागणं, ही जमीन सरकत असल्याची लक्षणं आहेत. यातलं काही असेल तर जड टाकी सोडा, आधी भूशास्त्राच्या माणसाला दाखवा.

मग ओव्हरफ्लो, म्हणजे टाकी भरल्यावर जादा पाणी बाहेर सोडणारा पाइप. माझ्या मते अख्ख्या योजनेतला सगळ्यात कमी विचार केलेला पाइप. एका दिवशी १०० मिमी पडला तर तुमच्या छपरावरून जवळपास ५,००० लिटर येतात. पूर्वी ते पागोळ्यांतून घराच्या दोन्ही बाजूंनी लांबलचक पट्ट्यात पडायचं, आता तुम्ही ते गोळा करून एका दोन इंची भोकातून एकाच जागी सोडताय. भरलेल्या टाकीच्या बाबतीत हे पावसाळाभर रोज चालतं. एकाच जागी पडणारं पाणी आधी घळ पाडतं, मग बांधाच्या मागे मुरतं, आणि बांधामागे पाणी साचलं की बांध ढकलला जातो. म्हणून ओव्हरफ्लोचा पाइप आत येणाऱ्या पाइपाइतकाच जाड, कमी नाही, आणि तो थेट नैसर्गिक ओहोळापर्यंत किंवा दगड लावलेल्या चरापर्यंत न्यायचा. शेवटी पाणी जिथे आदळतं तिथे मोठे दगड रचा. बांधामागे सोडायचं नाही, शेजाऱ्याच्या घरावर सोडायचं नाही, घराशेजारी शोषखड्डा करून त्यात तर अजिबात नाही. सपाट शहरात जादा पाणी जमिनीत मुरवा म्हणतात ते ठीक आहे, पण उतारावर घरालगत मुरवलेलं पाणी खालच्या टप्प्यावर कुणाच्या तरी भिंतीतून बाहेर येतं किंवा माती जड आणि निसरडी करून दरडीला निमंत्रण देतं. झऱ्यासाठी पाणी मुरवायचं असेल तर ते झऱ्याच्या वरच्या बाजूला, खडकाचे थर कुठे झुकलेत ते बघून, वस्तीपासून लांब करायचं असतं, तो घराच्या टाकीचा विषय नाही.

खालच्या टप्प्यावर पाणी न्यायचं असेल तर पाइपाचा दाब लक्षात घ्या. दर १० मीटर उतरणीला जवळपास १ बार दाब चढतो. सांडपाण्याचे पातळ पीव्हीसी पाइप उघडे वाहत असतील तर ठीक, पण खाली बूच किंवा नळ लावून भरून ठेवले तर १५ मीटर उतरणीवर जोड उखडतात. तिथे प्रेशरचा एचडीपीई (दाब सोसणारा जाड प्लास्टिकचा) पाइप लागतो. उलट हाच दाब तुम्हाला फुकट मिळतो हा डोंगराचा फायदा आहे: घराच्या वरच्या अंगाला एखादी शेड, गोठा, गोदाम असेल तर त्याच्या पत्र्याचं पाणी तिथल्याच टाकीत धरा, स्वयंपाकघराच्या नळाला पंपाशिवाय धार येईल. घराच्याच छपराचं पाणी असेल तर टाकीची वरची कड वळचणीच्या खाली आणि तळ नळाच्या वर, एवढ्याच पट्ट्यात ती बसवावी लागते, म्हणून बुटकी रुंद टाकी उंच टाकीपेक्षा बरी पडते.

पन्हळीबद्दल. जोरदार पावसात, म्हणजे तासाला १०० मिमीच्या दराने, तुमच्या छपरावरून मिनिटाला १०० लिटर येतात, दुपाखी छप्पर असेल तर प्रत्येक बाजूला ५०. डोंगरात पाच-दहा मिनिटं याच्या दीडपट-दुप्पट जोर सहज येतो. छपराच्या दर चौरस मीटरला पन्हळीचा किमान १ चौरस सेंटिमीटर छेद हा जुना ठोकताळा आहे, पण तो मध्यम पावसाचा. ३० चौरस मीटरच्या एका पाख्याला मी १२५ ते १५० मिमीची अर्धगोल पन्हळ लावेन, खाली उतरणारा पाइप ९० किंवा ११० मिमीचा. उतार १०० ला १ पुरतो. लांब पन्हळ असेल तर सुरुवातीच्या दोन-तृतीयांश भागाला २०० ला १ आणि शेवटच्या भागाला १०० ला १ द्या, नाहीतर शेवटी पन्हळ पत्र्यापासून इतकी खाली जाते की पाणी तिच्या वरून उडी मारतं. हुक दर ५०-६० सेंटिमीटरवर, त्यात कंजूषी नको.

उभट पत्र्यावर पाणी नुसतं घरंगळत नाही, झेप घेतं. जोराच्या सरीत छत्री घेऊन एकदा वळचणीखाली उभे राहा आणि रात्र असेल तर टॉर्च मारून बघा. दोन गोष्टी दिसतील. वरून येणारी धार पन्हळीची बाहेरची कड ओलांडून पुढे पडतेय, आणि रिमझिम असताना उलट, पाणी पत्र्याच्या कडेला चिकटून मागे वळतं आणि भिंतीकडच्या फळीवरून गुपचूप खाली जातं. पहिलीवर उपाय म्हणजे पन्हळीच्या बाहेरच्या बाजूला १०-१५ सेंटिमीटर उंचीची उभी पत्र्याची पट्टी, दुसरीवर पत्र्याची कड जरा खाली वाकवून पन्हळीच्या मधोमध आणणं. या दोन दुरुस्त्यांनी जेवढं पाणी वाढतं तेवढं महागड्या फिल्टरने वाढत नाही.

पानं अडवायला जाळी आडवी लावू नका, ती लगेच तुंबते. ४५ ते ६० अंशात तिरकी लावा, पाणी आत जातं, पानं घसरून पडतात. पाइनसारखी सुईची झाडं वर असतील तर सुया जाळीत उभ्या अडकतात आणि आठवड्यात नमदा बनतो, तिथे फांद्या छाटण्याला पर्याय नाही. शिवाय सुया-पानं पन्हळीत कुजली की पाणी चहासारखं पिवळट होतं.

आता पिण्याचं. पावसाचं पाणी स्वतः स्वच्छ असतं, घाण ते छपरावर होतं: पक्ष्यांची विष्ठा, उंदीर, धूळ, चुलीच्या धुराची काजळी. म्हणून पहिल्या सरीचं पाणी टाकीत घ्यायचं नाही. किती सोडायचं याबद्दल वेगवेगळे ठोकताळे आहेत, मी निदान अर्धा मिमी धरतो, तुमच्या छपराला ३० लिटर. त्याला यंत्र लागत नाही: खाली उतरणाऱ्या पाइपाला टी (तीन तोंडांचा जोड) लावून ११० मिमीचा एक उभा पाइप खाली सोडा, खालचं तोंड बुचाने बंद, दर मीटरला त्यात साडेआठ लिटर मावतात, म्हणजे साडेतीन मीटर. उंची तेवढी नसेल तर १६० मिमीचा घ्या, दीड-पावणेदोन मीटरमध्ये काम होतं. हा पाइप भरला की मग पाणी टाकीकडे वळतं. बुचाला अगदी बारीक भोक ठेवा म्हणजे एका दिवसात तो आपोआप रिकामा होतो. हाताने उघडायचा वॉल्व्ह लावला तर तो उघडायचा राहतोच, रात्री तीन वाजता पहिली सर आली तर कोण उठणार? आणि ते भोक चोंदतं, महिन्यातून एकदा काडी घालून बघा.

टाकीला उजेड आणि हवेतला कचरा लागता कामा नये. उजेड असेल तर शेवाळ, फट असेल तर डास. प्रत्येक तोंडाला, ओव्हरफ्लोला सुद्धा, १ मिमीपेक्षा बारीक जाळी. आत येणारा पाइप तळाशी नेऊन त्याचं तोंड वर वळवा, म्हणजे बसलेला गाळ ढवळत नाही. नळ तळापासून १० सेंटिमीटर वर, किंवा त्याहून चांगलं म्हणजे तरंगत्या फुग्याला बांधलेली नळी, जी पृष्ठभागाच्या जरा खालचं पाणी घेते, सगळ्यात निवळ पाणी तिथे असतं.

पावसाचं पाणी मऊ आणि किंचित आम्लधर्मी असतं, स्वच्छ हवेत सुद्धा पीएच ५.६ च्या आसपास, आणि असं पाणी धातू विरघळवतं. म्हणून छपराच्या जोडांना शिशाची पट्टी किंवा जुना शिशाचा रंग असेल तर ते पाणी प्यायचं नाही, उकळून शिसं जात नाही. सिमेंटच्या टाकीत पीएच आपोआप वर येतो, प्लास्टिकच्या टाकीत चुनखडीच्या धुतलेल्या खड्यांची पिशवी सोडली तरी फरक पडतो.

एवढं सगळं केल्यावरही पिण्याचं पाणी शुद्ध करूनच घ्या, कारण पक्ष्यांच्या विष्ठेतून सॅल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टरसारखे जंतू येतात आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत. उकळायचं असेल तर उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळतं, ३,००० मीटरवर साधारण ९० अंशाला. तेवढ्याने जंतू मरतात, पण २,००० मीटरच्या वर नुसती उकळी न बघता तीन मिनिटं खळखळू द्या. क्लोरीन वापरणार असाल तर अख्ख्या टाकीत टाकत बसू नका, पुढच्या सरीत त्याचं काही राहत नाही. रोजच्या पिण्याच्या २० लिटरच्या भांड्यात ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट (द्रव ब्लीच) पाऊण ते एक मिली, वासाचं, रंगाचं काही मिसळलेलं नको, अर्धा तास थांबा. पाणी बर्फासारखं गार असेल तर एक तास थांबा, थंडीत क्लोरीन सावकाश काम करतं. इंधन महाग आणि ऊन भरपूर अशा ठिकाणी स्वच्छ पारदर्शक पीईटी बाटल्या (शीतपेयाच्या असतात तशा प्लास्टिकच्या), दोन लिटरपर्यंतच्या, सहा तास कडक उन्हात आडव्या ठेवणं हाही खरा उपाय आहे, अर्धअधिक ढग असतील तर सलग दोन दिवस. पाणी गढूळ असेल तर मात्र यातलं काहीच नीट चालत नाही, आधी निवळू द्या.

थंडीचं. पाणी गोठलं की साधारण ९ टक्के फुगतं आणि पाइप, नळ, वॉल्व्ह फोडतं, टाकी मोठी असेल तर ती सहसा वरच्या थरापुरतीच गोठते. म्हणून टाकी अर्धी जमिनीत, पाइप जमीन जिथवर गोठते त्याच्या खाली, आणि सगळ्यात खालच्या बिंदूला पाणी काढून टाकायचा नळ. पहिल्या सरीचा तो उभा पाइप थंडीत बूच काढून रिकामा ठेवायचा. बर्फ छपरावरून एकदम सुटतं आणि पन्हळ घेऊनच खाली जातं, त्यामुळे पन्हळीची बाहेरची कड पत्र्याच्या उताराच्या सरळ रेषेच्या खाली हवी, म्हणजे बर्फ तिच्या वरून निघून जातं (मग ती उभी पट्टी थंडीत काढायची), आणि जिथे बर्फ खूप तिथे पत्र्यावर अडवणी लावा. बर्फातून पाणी मिळतं, ताज्या भुसभुशीत बर्फाच्या १० सेंटिमीटरमधून साधारण १ सेंटिमीटर पाणी, पण त्यातलं किती वाऱ्याने उडेल आणि किती घसरेल याचा नेम नाही, हिशेबात धरू नका.

टाकी कशाची, यावर लोक फार भांडतात. रस्ता दारापर्यंत असेल तर प्लास्टिकची घ्या, एका दिवसात उभी राहते. रस्ता नसेल तर ती माणसांनी चढावर नेणं हे वजनापेक्षा आकाराने अवघड, पायवाटेच्या वळणावर ती बसत नाही. तिथे फेरोसिमेंट: लोखंडी सळ्या, कोंबडीजाळी आणि १ भाग सिमेंटला २ किंवा ३ भाग वाळूचा गिलावा, भिंत ३ ते ५ सेंटिमीटर. सामान सुटं सुटं डोक्यावरून नेता येतं. फक्त गवंडी हात बसलेला हवा आणि निदान दोन आठवडे ओलं गोणपाट गुंडाळून पाणी मारत राहावं लागतं, डोंगरातल्या कोरड्या वाऱ्यात हे हमखास राहतं आणि मग केसासारख्या भेगा. भरायची पण हळूहळू, आणि पुढे कधी पूर्ण कोरडी पडू द्यायची नाही. प्लास्टिकचा कागद अंथरलेलं शेततळं सगळ्यात स्वस्त, झाडांना उत्तम, पिण्यासाठी नाही. ज्यांना शंका असते की छपरावर अख्खं घर चालतं का, त्यांच्यासाठी: डोंगराच्या धारेवर वसलेल्या मिझोरामच्या राजधानीत, ऐझॉलमध्ये, घराघराला पत्रा, पन्हळ आणि टाकी असते, आणि अटलांटिकमधल्या बर्म्युडा बेटांवर नद्या नसल्यामुळे घर बांधताना छपराचं पाणी धरून टाकी करणं कायद्यानेच सक्तीचं आहे.

टाकी धुवायला आत उतरताना एकट्याने उतरू नका, आधी झाकण उघडं ठेवून हवा खेळू द्या, बंद टाकीत गुदमरून माणसं मरतात. आणि झाकणाला कुलूप, घरात लहान मुलं असोत वा नसोत.

शेवटचं म्हणजे पाणी पुरवून वापरणं. पाऊस थांबला त्या दिवशी टाकीत काठी बुडवून पातळी बघा, खाली दहा सेंटिमीटर सोडून उरलेल्या उंचीचे पाच सारखे भाग करा आणि काठीवर महिन्यांच्या खुणा करा. दर पंधरवड्याला काठी घालायची, खुणेच्या खाली गेलात तर त्याच आठवड्यात हात आखडायचा, चौथ्या महिन्यात कळून उपयोग नसतो. प्लंबरची हजार लिटरची टाकी घेऊन झाली असेल तर परत करू नका. ती स्वयंपाकघराच्या नळाला जोडा आणि मोठ्या टाकीतून तिच्यात दर दहा दिवसांनी एकदाच पाणी सोडा, पाच माणसांना रोजचे १०० लिटर हा हिशेब मग कुणाला सांगत बसावा लागत नाही.